ध्यानपद्धतींचे वर्गीकरण आलंबनावरून करावे की चित्ताच्या कृतीवरून?

मूळ लेख

आमच्या सोसायटीच्या सभागृहात मी आठवड्यातून तीन दिवस सकाळी योगवर्ग घेते. गेल्या महिन्यात वर्ग संपल्यावर सतरंज्या गुंडाळता गुंडाळता एका काकांनी विचारले, "ताई, इगतपुरीला दहा दिवस बसलो, तेव्हा श्वास पाहायला सांगितला. आमच्या घरी वडिलांपासून सोहम् चालत आले आहे, त्यातही श्वासच आहे. तुम्हीसुद्धा शेवटची दहा मिनिटे श्वासच मोजायला सांगता. मग ही तीन ध्याने आहेत की एकच?" मी उत्तर द्यायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला लक्षात आले, की ध्यानाचे प्रकार म्हणून जी यादी मी वर्षानुवर्षे सांगत आले आहे, तिच्यात या प्रश्नाला जागाच नाही.

ती यादी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. श्वासावरचे ध्यान, मंत्रावरचे, ज्योतीवरचे, मूर्तीवरचे, शरीरावरचे, विचारांवरचे, अशी ती चालते. म्हणजे चित्त कशावर ठेवायचे, त्या आलंबनावरून केलेली ही विभागणी आहे. ती सोपी आहे आणि नवख्या माणसाला पटकन कळते, पण ती नेमक्या महत्त्वाच्या ठिकाणी दिशाभूल करते, असे मला आता वाटू लागले आहे. काकांनी सांगितलेली तीन उदाहरणेच घेऊ या.

पाचव्या शतकात श्रीलंकेत अनुराधपूर येथे बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' हा बौद्ध साधनेवरचा पाली ग्रंथ लिहिला. त्यात आनापानस्मृतीची, म्हणजे आत-बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवण्याची, सुरुवात मोजणीने होते. मोजताना पाचाच्या आत थांबू नये आणि दहाच्या पुढे जाऊ नये, असा तिथे दंडक आहे. प्रथम धान्य मापणाऱ्यासारखे सावकाश मोजावे, कारण तो पुढचे माप भरत असताना 'एक, एक' असेच म्हणत राहतो. पुढे सराव झाला, की गोठ्याच्या दारात बसून बाहेर पडणाऱ्या गाई भराभर मोजणाऱ्या गुराख्यासारखे मोजावे. (आपल्याकडे खळ्यावर पायलीने धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात, त्याची मला हे वाचताना दरवेळी आठवण होते.) या सगळ्या खटाटोपाचा हेतू एकच आहे, तो म्हणजे चित्त एका जागी बांधणे.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस नाकपुड्यांपाशी श्वास पाहायचा असतो, पण मोजायचा नसतो आणि त्याला कोणताही शब्द जोडायचा नसतो. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते. त्यानंतर लक्ष डोक्यापासून पायापर्यंत फिरू लागते आणि सुखद-दुःखद संवेदना तटस्थपणे पाहणे हे काम होऊन बसते. सत्यनारायण गोएंका यांनी शिकवलेल्या या क्रमात श्वास हा दरवाजा आहे, मुक्काम नव्हे.

सोहम्‌मध्ये तर उलट आहे. तिथे श्वासाला शब्द मिळतो, 'सो' आत आणि 'हम्' बाहेर, आणि त्या शब्दाला अर्थ आहे. दिवसरात्रीत 21,600 श्वास होतात आणि जीव नकळत तेवढा जप करतो, म्हणून त्याला अजपाजप म्हटले आहे. हा हिशोब मिनिटाला 15 श्वास असा येतो. तेव्हा इथे लक्ष श्वासावर असले तरी साधकाला 'तो मी आहे' या अर्थाकडे जायचे असते. आलंबन तिन्ही ठिकाणी एकच आहे आणि चित्ताला सांगितलेले काम तिन्ही ठिकाणी वेगळे आहे.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे, की कोणतीही पद्धत समोर आली, की 'लक्ष कशावर ठेवायचे?' असे न विचारता 'मन निसटले, की काय करायचे?' असे विचारावे. या एका प्रश्नाच्या उत्तरावरून मला चार गट दिसतात. पहिल्यात निसटलेल्या मनाला परत आणायचे असते. श्वासाची मोजणी, ज्योतीवरची एकाग्रता आणि जपाचा बराचसा भाग इथे येतो. दुसऱ्यात निसटणे हेच पाहायचे असते. सतिपट्ठान सुत्त या बौद्ध सूत्रात विक्षिप्त, म्हणजे भरकटलेल्या, चित्ताला 'हे विक्षिप्त चित्त आहे' असे जाणण्यास सांगितले आहे, आणि ब्रह्मदेशातील महासी सयाडो यांच्या परंपरेत पोटाचे वर-खाली होणे पाहताना विचार आला, तर त्याची मनातल्या मनात नोंद करतात. तिसऱ्यात काही निर्माण करायचे असते, जसे मैत्रीभावना (सर्वांविषयी सद्भाव जागवणे), मानसपूजा किंवा जैन आचार्य हेमचंद्र यांच्या योगशास्त्रातील पिंडस्थ ध्यान, ज्यात पृथ्वी, अग्नी, वायू, जल अशा धारणा क्रमाने कल्पायच्या असतात. अशा वेळी मन निसटले म्हणजे चित्र विस्कटले, आणि ते पुन्हा उभे करायचे. चौथ्यात निसटलेल्या मनालाच प्रश्न करायचा असतो. रमण महर्षींच्या 'मी कोण?' या विचारात, विचार आला तर 'हा कोणाला आला?' असे विचारायला सांगितले जाते. झेन या जपानी बौद्ध पंथातील रिंझाई परंपरेचे कोआन (तर्काने न सुटणारे प्रश्न) आणि वेदान्तातील निदिध्यासन (ऐकलेल्या तत्त्वाचे सखोल चिंतन) मी याच गटाच्या जवळ ठेवीन.

पाश्चात्त्य संशोधकांनीही हाच मार्ग धरला आहे. 2008 मध्ये लुट्झ, स्लॅगटर, डन आणि डेव्हिडसन यांनी केंद्रित अवधान आणि मुक्त अवलोकन असे दोन भाग मांडले. 2010 मध्ये ट्रॅव्हिस आणि शिअर यांनी त्यात आपोआप ओलांडून जाण्याचा तिसरा भाग घातला. महर्षी महेश योगींच्या भावातीत ध्यानासारख्या पद्धतींत मनाला ओढून आणणे बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही मला ही मांडणी अपुरी वाटते, कारण पहिली विभागणी मुख्यतः बौद्ध साधनेकडे पाहून झालेली आहे आणि आपल्याकडच्या जपाला किंवा मानसपूजेला तिच्यात कोपऱ्यात उभे राहावे लागते.

आणखी एक गोंधळ आधीच दूर करते. धारणा, ध्यान आणि समाधी हे तीन 'प्रकार' म्हणून अनेक ठिकाणी छापले जातात, ते चूक आहे. पतंजलींनी योगसूत्रांच्या तिसऱ्या पादाच्या पहिल्या तीन सूत्रांत त्या पायऱ्या सांगितल्या आहेत. चित्त एका देशी बांधले ती धारणा, तोच प्रत्यय अखंड वाहू लागला की ध्यान, आणि केवळ विषयच भासू लागला, जणू आपले स्वरूप उरलेच नाही, की समाधी. आलंबनाच्या बाबतीत तर ते पहिल्या पादात 'यथाभिमतध्यानाद्वा' म्हणून मोकळे होतात, म्हणजे जे आवडेल त्याचे करा. त्राटकाचेही, म्हणजे एका बिंदूकडे वा ज्योतीकडे एकटक पाहण्याचेही, असेच चुकीचे वर्गीकरण होते. हठयोगप्रदीपिकेने त्याला नेती-धौतीच्या पंक्तीला षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत बसवले आहे, पण आज ते सरसकट ध्यान म्हणून शिकवले जाते.

आपल्या साधनेला हे चार गट लावून पाहावेत आणि कुठे बसत नाही ते कृपया कळवावे.

प्रतिसाद 1

लेख आवडला. मी पाली भाषेचा विद्यार्थी असल्यामुळे एक बाजू मांडतो. 'विसुद्धिमग्ग' आपण आनापानापुरताच घेतला आहे, पण त्या ग्रंथात वर्गीकरणाचा जेवढा विचार आहे तेवढा क्वचितच कुठे सापडेल. त्यात एकूण 40 कम्मट्ठाने, म्हणजे ध्यानाचे विषय, आहेत. दहा कसिणे (माती, पाणी, रंग अशी एकाग्रतेची साधने), दहा अशुभे (प्रेताच्या अवस्था), दहा अनुस्मृती (बुद्ध, श्वास अशा विषयांचे स्मरण), चार ब्रह्मविहार (मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा), चार अरूप (निराकार अवस्था), एक आहाराविषयीची प्रतिकूल संज्ञा आणि एक चार धातूंचे पृथक्करण. वरवर पाहता ही आलंबनांचीच यादी आहे, म्हणजे आपण जिला दिशाभूल करणारी म्हणता तीच. पण बुद्धघोष यादीपाशी थांबत नाहीत. ते याच चाळिसांना वेगवेगळ्या कसोट्यांवर पुन्हा पुन्हा लावून दाखवतात.

त्यांतली एक कसोटी अशी, की कोणते कम्मट्ठान कुठवर नेते. त्यांपैकी दहा केवळ उपचारसमाधीपर्यंत, म्हणजे उंबरठ्यापर्यंत नेतात आणि उरलेली तीस अर्पणेपर्यंत, म्हणजे पूर्ण एकाग्रतेपर्यंत, पोहोचवतात. दुसरी कसोटी मला सर्वांत मोलाची वाटते, ती म्हणजे कोणते कोणाला द्यावे. रागचरित, द्वेषचरित, मोहचरित, श्रद्धाचरित, बुद्धिचरित आणि वितर्कचरित असे माणसांचे सहा स्वभाव सांगून ते म्हणतात, की रागी माणसाला दहा अशुभे आणि कायगतास्मृती (शरीराच्या भागांचे चिंतन) द्यावी, द्वेषी माणसाला चार ब्रह्मविहार आणि चार वर्णकसिणे द्यावीत. मोह आणि वितर्क ज्याच्यात जास्त आहे, त्याला आनापान द्यावे. ज्याच्या डोक्यात दिवसभर विचारांचे चऱ्हाट चालते, त्याला श्वास पाहायला सांगण्यामागे इतका जुना विचार आहे.

तेव्हा माझा प्रश्न असा आहे, की वर्गीकरण कोणासाठी करायचे? ग्रंथपालाला पुस्तके लावण्यासाठी जे हवे ते वैद्याला औषध देण्यासाठी उपयोगी पडत नाही. आपले चार गट पहिल्या कामाला उत्तम आहेत, पण समोर बसलेल्या माणसाला काय द्यावे, हे त्यावरून कळत नाही.

जाता जाता, या ग्रंथाशी आपले जवळचे नाते आहे, याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. गोव्यातील साखवाळ येथे 1876 मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी पाली शिकण्यासाठी घर सोडून श्रीलंकेपर्यंत गेले, आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठात वॉरन यांनी अर्धवट ठेवलेल्या 'विसुद्धिमग्ग'च्या संपादनाचे काम त्यांनी हाती घेतले.

प्रतिसाद 2

वर जे मांडले आहे ते अभ्यासपूर्ण आहे, पण नामस्मरण 'परत आणण्याच्या' गटात टाकलेले मला पटले नाही, आणि ते का पटले नाही हे सांगण्यासाठी मला माझ्या आजीविषयी लिहावे लागेल.

आजीची तुळशीची माळ 108 मण्यांची होती. अंगठा आणि मधले बोट यांच्यामध्ये मणी सरकत असे आणि तर्जनी नेहमी बाजूला राही. मेरुमणी आला, की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवायची आणि उलट निघायचे. लहानपणी मी तिच्याशेजारी बसून त्या वळणाची वाट पाहत असे. मधेच दूधवाला आला, तर ती अंगठा होता तिथेच दाबून धरी, 'उद्या अर्धा लिटर जास्त दे' म्हणून सांगे, आणि पुढचा मणी ओढी. माळ बाजूला ठेवून भाजी निवडायला घेतली, तरी तिचे ओठ हलत राहत. आपल्या कसोटीने पाहिले तर तिचे मन दिवसातून शंभरदा निसटत होते, पण तिने त्याला ओढून परत आणलेले मी कधी पाहिले नाही. आणण्याची गरजच नव्हती, कारण तिच्या दृष्टीने ती कशावर लक्ष ठेवीत नव्हती. ती हाक मारीत होती. ज्याला हाक मारायची तो ऐकतो आहे, एवढा तिचा विश्वास पक्का होता, आणि दूधवाल्याशी बोलतानाही तो तिथेच होता.

आलंबन आणि चित्त या दोन शब्दांत हे मावत नाही. त्यात 'तो' येतो. विठ्ठलाचे नाव घेणारा आणि 'एक, दोन' मोजणारा यांच्या मेंदूत कदाचित सारखेच काही घडत असेल, पण साधकाला विचारले तर तो दोन्हींना एक म्हणणार नाही. वारकऱ्याला तर अजिबातच नाही, कारण त्याचे नाम टाळ-मृदंगासह, चारचौघांत, चालता चालता होते. सोहम् आणि राम कृष्ण हरी हे दोन्ही जप असले, तरी एकात 'तो मी आहे' असे आहे आणि दुसऱ्यात 'तू आहेस' असे आहे. वर्गीकरणात नात्याची ही रेघ पहिली ओढली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

प्रतिसाद 3

जैन परंपरेतील एक गोष्ट कोणी मांडली नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात ध्यानाचे चार प्रकार आहेत, आर्त, रौद्र, धर्म्य आणि शुक्ल. यांतील पहिली दोन टाकून देण्याची आहेत. आवडते दुरावले, नावडते वाट्याला आले, दुखणे लागले, याविषयी मन एकसारखे घोळत राहणे हे आर्तध्यान. हिंसा, असत्य, चोरी आणि धनाची राखण यांत रमणे हे रौद्रध्यान. एका विषयावर चित्त खिळणे याला जैन आचार्य निरपवादपणे ध्यान म्हणतात आणि मग त्याची प्रत ठरवतात. रात्री अंथरुणात पडून भावाशी झालेले भांडण तीन तास उगाळणारा माणूस आपल्या पहिल्या गटात चपखल बसतो, कारण मन दुसरीकडे गेले तरी तो ते परत तिथेच आणतो! म्हणून चित्ताच्या कृतीवरून केलेले वर्गीकरण मूल्याविषयी काहीच सांगत नाही, हे ध्यानात असावे.

प्रतिसाद 4

मला या चर्चेत एक व्यावहारिक भर घालायची आहे. आठ वर्षांपूर्वी मी एका वर्गात श्वासावरचे ध्यान शिकायला जात होते. श्वासाकडे लक्ष नेले, की माझा श्वास अडखळायचा, छाती आवळल्यासारखी व्हायची आणि हाताची बोटे गार पडायची. मी दोनदा तसे सांगितले. दोन्ही वेळा 'आतली घाण बाहेर पडते आहे, बसून राहा' असे उत्तर मिळाले आणि मी बसून राहिले. तिसऱ्या आठवड्यात मी तिथून बाहेर पडले आणि त्यानंतर वर्षभर डोळे मिटून बसण्याची मला भीती वाटत होती. पुढे एका मानसोपचारतज्ज्ञांनी डोळे उघडे ठेवून सावकाश चालायला आणि तळव्याचा फरशीला होणारा स्पर्श जाणायला शिकवले. ते मला आजही जमते.

दोन्हींमध्ये मनाला परत आणायचेच होते, म्हणजे आपल्या हिशोबाने गट एकच झाला. पण माझ्यासाठी सगळा फरक आलंबनाचाच होता. तेव्हा आलंबनाला इतके गौण ठरवू नये, अशी विनंती आहे.

प्रतिसाद 5

वरच्या प्रतिसादातील अनुभवाला संशोधनातूनही दुजोरा मिळतो. जर्मनीतील केम्निट्झ येथील मात्को आणि झेडल्मायर यांनी 2019 मध्ये एक वेगळीच रीत अवलंबिली. त्यांनी सिद्धान्तापासून सुरुवात न करता 100 अनुभवी साधकांसमोर 20 पद्धती ठेवल्या आणि कोणती कोणासारखी वाटते, एवढेच विचारले. त्या उत्तरांतून गणिताने जो नकाशा निघाला, त्याचे दोन अक्ष होते, पद्धतीत सक्रियता किती आहे हा एक आणि ती शरीराकडे किती वळलेली आहे हा दुसरा. नकाशावर सात पुंजके दिसले. सजग अवलोकन, शरीरकेंद्री ध्यान, दृश्य एकाग्रता, चिंतन, भावकेंद्री ध्यान, मंत्रध्यान आणि हालचालीसह ध्यान. म्हणजे साधकांनी मंत्राला स्वतंत्र घर दिले आणि चालण्यालाही दिले.

धागालेखिकेच्या बाजूनेही पुरावा आहे. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत तानिया झिंगर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या दीर्घ प्रकल्पात लोकांना तीन-तीन महिन्यांचे तीन टप्पे दिले गेले. एकात श्वास आणि शरीर, दुसऱ्यात मैत्री-करुणा, तिसऱ्यात स्वतःच्या विचारांकडे आणि दुसऱ्याच्या दृष्टीकडे पाहणे. अवधान पहिल्या टप्प्याने सुधारले, करुणा दुसऱ्याने, आणि दुसऱ्याच्या मनाची समज तिसऱ्याने. प्रसंगाने येणाऱ्या ताणाच्या वेळी कॉर्टिसॉल या संप्रेरकाची उसळी कमी झाली, ती मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याने, पहिल्याने नव्हे. त्यामुळे 'ध्यानाने अमुक होते' असे वाक्य कोणी म्हटले, की 'कोणत्या ध्यानाने?' असे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वर्गीकरण हा केवळ पंडिती छंद नाही, तो इथे कामाला येतो.

धागालेखिका

सर्व प्रतिसाद दोन-दोनदा वाचले आणि माझी मांडणी मला दुरुस्त करावी लागत आहे.

आजीच्या माळेविषयीचा प्रतिसाद वाचून मी जपाला पहिल्या गटातून बाहेर काढले आहे. त्याला तिसऱ्या गटातही टाकता येत नाही, कारण मानसपूजेत चित्र विस्कटते, हाक विस्कटत नाही. 'मन निसटले, की काय करायचे?' या माझ्या प्रश्नाला तिथे 'काही नाही, पुढचा मणी ओढायचा' असे उत्तर आहे, आणि हे उत्तर माझ्या चारांपैकी कोणत्याच गटाचे नाही. झेनमधील डोगेन यांच्या परंपरेत नुसते बसणे, शिकांताझा, आहे. तिथेही मनाला परत आणायचे नसते. म्हणून पाचवा गट मानते, पण दोघांना एका घरात ठेवताना हात अडखळतो, कारण एकात समोर कोणीतरी आहे आणि दुसऱ्यात कोणीच नाही. नात्याची रेघ ओढावी लागते ती इथे. ती सर्वांत आधी ओढावी, हे मात्र मला अजून पटलेले नाही, कारण मैत्रीभावना करणारा बौद्ध साधकही समोर कोणालातरी आणतोच आणि त्याला आपण भक्त म्हणत नाही.

श्वासाने ज्यांना त्रास झाला, त्यांची मी मनापासून आभारी आहे. वर्गात मी आजवर सर्वांना एकच आलंबन देत होते, ते या आठवड्यापासून थांबवले. आता तीन पर्याय देते, नाकापाशी श्वास, तळव्यांचा स्पर्श किंवा आवडीचे नाम, आणि डोळे मिटण्याची सक्ती नाही. पहिल्याच दिवशी सोळांपैकी पाच जणांनी तळवे निवडले. इतकी वर्षे हे पाच जण श्वास मोजत बसून काय सोसत होते, हा विचार मनातून जात नाही. पाली अभ्यासकांनी विचारलेल्या 'कोणासाठी?' या प्रश्नाचे उत्तरही मला त्या पाच जणांमध्ये दिसले. ग्रंथातील सहा चरिते ओळखण्याइतकी माझी तयारी नाही, पण माणसाला विचारता तरी येते.

काकांना मी काल उत्तर दिले. म्हटले, "काका, तिन्ही वेगळी आहेत. मोजताना श्वास हा खुंटा आहे, इगतपुरीला तो दरवाजा होता आणि तुमच्या वडिलांच्या सोहम्‌मध्ये तो निरोप आहे." ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग मी दहा दिवस तिथे बसून मनात सोहम्‌च म्हणत होतो, ते चुकलेच." शिबिरात कोणताही शब्द जोडू नका असे का बजावतात, ते त्यांना इतक्या वर्षांनी कळले. आता ते पहाटे सोहम् करतात आणि संध्याकाळी, शब्दाशिवाय, नुसते पाहतात. दोन्ही एकाच बैठकीत मिसळू नका, एवढेच मी त्यांना सांगितले आहे.

कोआन किंवा शिकांताझा प्रत्यक्ष केलेले कोणी इथे असेल, तर मन निसटल्यावर शिक्षकांनी नेमके काय करायला सांगितले, ते त्यांच्या शब्दांत वाचायला आवडेल. पाचव्या गटाचे दोन करायचे की नाही, ते त्यावर अवलंबून आहे.